उगल म्हणजे पक्षीच

सर, मी तुमच्यावर रागावले आहे आणि हा राग शिळा नाही. आज सकाळी नातीनं तिच्या जर्मनच्या पुस्तकातला एक शब्द विचारला. मी पुस्तक न बघता तो फोडून दाखवला, तर म्हणते, "आजी, तू तर फक्त शाळेत शिकवायचीस ना? हे कुठं शिकलीस?" तुमचं नाव जिभेवर आलं आणि तिथंच अडलं. भाजी फोडणीला टाकली, ती करपली. म्हणून आता लिहायलाच बसले.

तुमची राजापेठेतली ती पुढची खोली मला अजून तशीच दिसते. रविवारी सकाळी माझी अकोल्याची एसटी सगळ्यांच्या आधी पोचते. काकू दार उघडतात, "आलीस का गं, बस, हे पूजेत आहेत," म्हणतात आणि मला त्या खोलीत बसवतात. टेबलावर तो जाडजूड जर्मन कोश असतो. तो चाळायची परवानगी तुम्हीच दिलेली. नंतर वकीलसाहेब येतात, औषधांच्या दुकानाचे मालक येतात, आणि तुमचा खेळ सुरू होतो. इंग्रजी आणि जर्मन या दोघी बहिणी, त्यांची तिसरी बहीण जहाज फुटून एका बेटावर अडकली, असं तुम्ही ठरवलं होतं. त्या बेटावरची भाषा तुम्ही घरी बसून घडवायची, दर रविवारी फळ्यावर तिचे दहा शब्द लिहायचे, आणि त्यांच्या बहिणी-मावश्या धुंडाळून आम्ही अर्थ ओळखायचे. उत्तरांचा कागद त्याच कोशात घडी घालून ठेवलेला असायचा. वकीलसाहेब दर वेळी हात टेकायचे. "सर, या बेटावरचा साक्षीदार माह्यापुढं उभा राह्यला तर मी त्याले इचारू काय? कप्पाळ?"

मला मात्र त्या शब्दांनी वेड लावलं होतं. जर्मनचं माझं पहिलं पुस्तक मी जुन्या शहरात रद्दीच्या ढिगातून काढलेलं, पहिली सात पानं नसलेलं. दिवसभर शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावायचे आणि येता-जाता शब्द घोकायचे. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. बौद्ध होऊन आम्हाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि बाबांना आता वाटायचं, आपली पोरगी काहीही शिकू शकते, अगदी जहाज फुटलेल्या लोकांची भाषासुद्धा. "शिक माय, मले समजत नाही, पण तू शिक," म्हणायचे.

एका रविवारी फळ्यावर 'ओटर', 'इस्क' आणि 'ऊर' होते. मी म्हटलं, "सर, तुमच्या बेटावर फ गळून पडला आहे. आम्ही नाही का 'आमी-तुमी' म्हणतो, ह टिकतच नाही तोंडात, तसं. फ परत लावा, की ओटर म्हणजे फादर, बाप. इस्क म्हणजे मासा, ऊर म्हणजे आग." तुम्ही खडू खाली ठेवला आणि मोठ्यानं हसलात. "पोरी, वऱ्हाडातून थेट बेटावर पूल बांधलास!" त्या वाक्यावर मी कित्येक दिवस जगले. खोटं कशाला सांगू.

मग तुम्ही जाहीर केलं की पुढच्या रविवारी दहाच्या दहा अर्थ जो बरोबर लिहील त्याला तुम्ही नागपूरच्या कॉलेजातल्या जर्मनच्या वर्गासाठी चिठ्ठी द्याल. तुमच्या शब्दावर तिथं जागा मिळत होती. वकीलसाहेबांना ती नकोच होती, औषधवाले दुकान सोडून जाणार नव्हते. म्हणजे ती चिठ्ठी माझ्यासाठीच होती, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही.

त्या रविवारी सातवा शब्द 'उगल' होता आणि आठवा 'एडर'. मी उगलला फ लावला, जर्मनमधला फोगल आठवला आणि 'पक्षी' लिहिलं. एडरला फ लावला तर फेदर, आणि तुम्हीच शिकवलं होतं की त्याचं नातं संस्कृतातल्या पंखाच्या 'पत्रा'शी आहे. 'पीस' लिहिलं. वकीलसाहेबांनी कोशातला कागद उघडून वाचला. माझे आठ जुळले. सातव्यापुढं कागदावर 'पीस' होतं आणि आठव्यापुढं 'पक्षी'. माझे नेमके उलटे.

तुम्ही माझा कागद हातात घेतला, आणि तुमचा चेहरा बदलताना मी पाहिला. "सकाळी या खोलीत एकटी कोण होती?" मला आधी कळलंच नाही. "कागद उतरवलास, आणि संशय नको म्हणून दोन मुद्दाम उलटे केलेस. हुशारी आहे, पण चोराची आहे." मी म्हटलं, "सर, मी नाही पाह्यलं. आईशपथ नाही." तुम्ही वकीलसाहेबांकडे वळून म्हणालात, "या लोकांना एवढं एकदम कसं जमेल?" वकीलसाहेब चपलांकडे बघत राहिले. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या.

या लोकांना! सर, पूल बांधला तेव्हा मी कोण होते? तुमचे नियम मी तुमच्यापेक्षा नीट पाळले, हा माझा गुन्हा?

घरी बाबांनी विचारलं, "काहून व, चिठ्ठी भेटली नाही का?" मी म्हटलं, "जागा भरल्या, बाबा." ते बराच वेळ पाय चोळत बसले. "मंग पुढल्या सालाले पाहू," म्हणाले. ते पुढचं साल आलं नाही. मी चौतीस वर्षं पाढेच शिकवले. पाढ्यांना मी नावं ठेवत नाही, पण ते मी निवडले नव्हते.

चार वर्षांनी काकू जुन्या शहरात बहिणीकडे आल्या होत्या. शाळेच्या फाटकाशी मला गाठलं, हात धरला. सांगितलं, त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही शब्दांची वही आणि तो कागद शेजारी ठेवून बघितलात. वहीत उगल पक्षीच होता. कागदावर उतरवताना सातव्या-आठव्याची अदलाबदल तुमच्याच हातून झाली होती. "डोकं धरून बसले होते गं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, दोन ओळी लिहा तिला. म्हणाले, येईल ती रविवारी, तोंडानंच सांगेन." मग मी आले नाही, तर तुम्ही वकीलसाहेबांनाही काही सांगितलं नाहीत. फळा पुसला, नवे दहा शब्द लिहिलेत. चूक कुणाच्याही हातून होते हो! माझ्या हातूनही पोरांच्या गुणांची बेरीज चुकली आहे, आणि मी भर वर्गात दुसरीतल्या पोराची माफी मागितली आहे. तुम्हाला एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं. चार वर्षांत दोनशे रविवार येतात, सर.

एक मात्र वर लिहिताना मी गाळलं. फाटकाशी हात सोडण्याआधी काकू म्हणाल्या होत्या, "लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलंय, बोलणं नीट कळत नाही. पण तुझं नाव घेतात. एकदा ये." त्यानंतर तुम्ही आठ महिने होतात. मला सुट्ट्या होत्या, एसटी होती. मी म्हटलं, बघू द्या वाट. आणि गेले नाही.