आमच्या क्रीडा प्रतिनिधीकडून

१२ जुलै २००२
आज नेमणूक झाली. कुरुंद्याच्या आमच्या शाळेचं भित्तिपत्रक आणि वार्षिकांक, दोन्हीचा क्रीडा प्रतिनिधी: शिवहार, नववी ब. सत्यशीला मॅडम म्हणाल्या, दुसरं कोणी तयार नव्हतं. म्हणजे जबाबदारी पेलणारं दुसरं कोणी नव्हतं.
संकल्प: एकही मॅच चुकवायची नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही.

२ ऑगस्ट
आमच्या मुलांची कबड्डी, शिरड शहापूरला. मॅच चारला, भित्तिपत्रक लावायचं दोनला. डेडलाईन म्हणजे डेडलाईन. लिहून टाकलं: 'कुरुंद्याचा दणदणीत विजय!'

३ ऑगस्ट
हरलो. ३१-९. एवढं चांगलं लिहून दिलं होतं, तेवढंही खेळता आलं नाही. खेळाचे पतंगे सर प्रार्थनेनंतर वृत्तांत मोठ्यानं वाचत होते. 'दणदणीत'पाशी दोनदा थांबले. शब्द आवडला असावा.

२१ ऑगस्ट
मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आला म्हणे. मी तेव्हा कबड्डीच्या मुलांची मुलाखत घेत होतो. माणूस एकाच वेळी किती ठिकाणी असणार?
वर्गातली मिना, तांड्यावरची, त्या संघाची कॅप्टन. सगळ्यांदेखत म्हणाली, "आमचं नाव काहून न्हाई लिहिलं?" मी जागेची अडचण सांगितली. म्हणाली, "अर्धा कागद कोरा हाय की." डिझाईन कळत नाही लोकांना.
मग हळू आवाजात म्हणाली, बापू, म्हणजे तिचे वडील, खेळू नको म्हणून राहिले. छापलेलं नाव वाचून दाखवलं तर ऐकतील.
वार्षिकांकात अख्खं पान देतो म्हणालो. शब्द म्हणजे शब्द.

१७ सप्टेंबर
उद्या हिंगोलीला मुलींच्या खो-खोची जिल्ह्याची फायनल. पतंगे सरांनी मुलींच्या जीपमध्ये जागा देऊ केली. नम्रपणे नाकारली. संघाच्या गाडीत पत्रकार बसला की निःपक्षपातीपणा संपला. एसटीनं जाणार.

१८ सप्टेंबर, दु. १२.१०, वारंगा फाटा
गाडी बदलायला उतरलो. भजी गरम आहेत.

दु. १२.४०
हिंगोली गाडी आली. दुसरी प्लेट नुकतीच सांगितली होती. गाडी गेली.

दु. १.५०
पुढची गाडी भरून आली. कंडक्टरनं दारच उघडलं नाही. मी "प्रेस! प्रेस!" ओरडत मागं पळालो. टपरीवाल्यानं विचारलं, इस्त्रीचं दुकान हाय का?

दु. ३.१५
मॅच सुरू झाली असणार. एसटी महामंडळाचा निषेध.

सायं. ५.३०
आमची जीप परत जाताना दिसली. आतून पोरी ओरडत होत्या, "जिंकलो!" म्हणजे निकाल हाती आला, तोही थेट संघाकडून. बाकी खो-खोत असं वेगळं काय घडणार? बाकड्यावर बसून लिहिलं: 'कर्णधार मिना हसतखेळत पळाली. अंगावर साधा ओरखडाही आला नाही.' छान उतरलंय.

२० सप्टेंबर
मिनाच्या हाताला प्लास्टर. विचारलं नाही. खाजगी बाब आहे.
वृत्तांत मॅडमना दिला. "तू स्वतः होतास ना?" म्हणाल्या. म्हणालो, "पूर्ण वेळ." कुठं, ते त्यांनी विचारलं नाही.

२६ जानेवारी २००३
झेंडावंदनानंतर अंक वाटला. पान चौदा, पूर्ण पान. माझं नाव 'शिवहर' छापलंय. प्रेसवाल्यांना कशाचंच काही वाटत नाही.

२८ जानेवारी
मिनानं मैदानावर गाठलं. रडली असती तर बरं झालं असतं.
तिनं अंक मिळाल्या मिळाल्या घरी नेला. बापूंना वाचता येत नाही. आई, चुलते सगळे बसले. ती वाचत गेली, आणि ओरखड्याचं वाक्यही वाचून गेली. बापू म्हणाले, "सर म्हणले मॅचमधी हात मोडला. पुस्तक म्हणतंय ओरखडा न्हाई. मग हात कुठं मोडून आली?" आता खेळ बंद. शाळेचंही बघू म्हणाले.
मॅचमध्येच मोडला होता. पहिल्या डावात खांबापाशी पडली. तरी हात ओढणीनं बांधून शेवटच्या डावात उतरली. एका गुणानं पुढं होत्या. तिच्यासोबतच्या दोघी बाद झाल्या, आणि शेवटची अडीच मिनिटं ती एकटी पळाली. मग सर तिला दवाखान्यात घेऊन गेले. म्हणून ती जीपमध्ये नव्हती.
मी म्हणालो, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू.
ती म्हणाली, "आज घरी चल."

२८ जानेवारी, रात्री ८
गेलो. तिचे बापू, किसनसिंगकाका, शेळ्यांना पाला टाकत होते. रस्ताभर चांगलं भाषण तयार केलं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि मला एवढंच म्हणता आलं, "काका, मी मॅच पाहिलीच नव्हती. मनानं लिहिलं."
मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर मी लवकर सुटलो असतो. मग मिनाकडं वळून म्हणाले, "तू तर होतीस ना? तू सांग."
ती उभी राहून सांगू लागली. अंगणात रेघ ओढली, खांब कुठं होता ते दाखवलं, कुठून वळली ते पळून दाखवलं. काका पाला हातात धरून तसेच बसले. शेवटच्या अडीच मिनिटांना तेही उठून उभे राहिले.
मी वहीसाठी दप्तरात हात घातला. वही घरीच राहिली होती.