समासातलं पत्र

रविवार, नौबाद

निर्णा गावी राहणाऱ्या थोरल्या भावाला, अण्णांना, लिहिलेलं माफीचं पत्र परत काढलं. वर्गात पोरांना सांगतो तसं केलं. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते समासात एका ओळीत लिहिलं. माझी तब्येत. अण्णांचा राग. परत अण्णांचा राग. माझी बाजू.

बायकोनं नुसता समास वाचला. म्हणाली, "ह्यात माफी कुठं हाय? भांडायलाव की तुम्ही."

राग आला. कामून? खरं होतं म्हणून. तिसऱ्या परिच्छेदात कंसात एक वाक्य होतं, ते समासात घ्यायला माझा हातच धजला नव्हता: 'घरभरणीला पाहुण्यांसमोर तुम्ही उभेच होता, मी बसा म्हणालो न्हाई.'

बाकी सगळं खोडलं. कंसही. आता पत्र तेवढंच आहे.