शंकऱ्या नावाचं कुत्रं

मु. तांडा, पो. मुकुटबन,
ता. वणी, जि. यवतमाळ
दि. १२ डिसेंबर १९६१

चि. शंकरसिंग यास,

मोठा भाऊ हरिसिंगचा आशीर्वाद. पत्र आशीर्वादानं सुरू करावं असं चौथीच्या गुरुजींनी शिकवलं, म्हणून लिहिला. तुले नको असला तर परतीच्या टपालानं धाडून दे, इथे घेणारे खूप आहेत.

इकडे सारे खुशाल. कापूस वेचणी चालू आहे. तुझ्या भोजाईच्या, मानीबाईच्या गुडघ्याले आराम आहे. याडीची तब्येत तू पोटच्या पोरानं विचारली नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

तुझं पत्र पोचलं. एवढ्या दिवसांनी पत्र आलं, मले वाटलं कोणाचं बरंवाईट झालं. फोडून पाह्यलं तर कुत्र्याबद्दल! बाभुळगावच्या कचेरीतला कारकून, डोळ्यावर चष्मा, आन् पानभर काय लिहितो, तर तांड्यावरच्या कुत्र्याचं नाव बदला. काहून? तर तुझ्या पोरीच्या सोयरिकीचे पाव्हणे माघात तांडा पाह्यले येणार, आन् त्यांच्यासमोर मी अंगणात "शंकऱ्या, हाड!" म्हणून ओरडलो तर शंकरसिंगसाहेबाची इज्जत जाईल. हे तुले रहेमान मिस्त्रीनं सांगितलं म्हणतोस. तो इंजन दुरुस्त करायले आलता, तवा शंकऱ्यानं त्याची चप्पल पळवली. तेही सांगितलंच असेल त्यानं.

होय बाबा, कुत्र्याचं नाव शंकऱ्या आहे. तुझ्यावरूनच ठेवलं. त्यात लपवायचं काय?

तू चार बुकं जास्त शिकला आन् घरची रीत विसरला, म्हणून सांगतो. आपल्या घरी मोत्या, वाघ्या असलं नाव कुत्र्याले कधीच नव्हतं. आजा बैलाईवर मीठ लादून मुलूख फिरे, तवापासूनची रीत आहे, ज्यानं घराले दुखवलं त्याचं नाव कुत्र्याले द्यायचं. मोठ्या माणसाले तोंडावर शिवी देता येत नाही, कुत्र्याले दिवसभर देता येते. आज्याचा होता जमादार, कारण नाक्यावरचा जमादार दर फेरीले मिठातून वाटा काढून घे. बाचा होता वकील. खरा वकील आपल्याकडून भांडे आन् सामनेवाल्याकडे जेवे. आन् ती मामी आठवते का? मामीनं याडीले भर लग्नात पंगतीतून उठवलं होतं, म्हणून याडीनं स्वतः कुत्रीचं नाव मामी ठेवलं. खरी मामी पाव्हणी आली की आपण सारे कुत्रीले "राणी, राणी" करायचो, आन् कुत्री ढुंकून पाहेना. शेवटी बाच विसरला. "मामीले भाकर टाका रे" म्हणाला, आन् दोघी संगच आल्या.

तू हसून हसून गोठ्यात लोळला होता. तवा नाही म्हणाला, नाव बदला म्हणून.

पण एक आहे. नावं नालायकाईची असली तरी कुत्री सारी भली निघाली. वकील बासाठी रानडुकराच्या अंगावर गेला. खऱ्या वकिलानं बाच्या तेरवीले साधं कार्डसुद्धा टाकलं नाही.

आता तुझ्या कुत्र्याचं बोलू. टायगर! नाव वाघाचं आन् भिते मांजरीले. दूधपोळी खाते, गादीवर झोपते, साबणानं आंघोळ करते. माझा राग कुत्र्यावर नाही. मुकं जनावर, ठेवाल तसं राहील. सत्तावन साली मी याडीले घेऊन तुझ्या दारी आलतो. लेकाकडे जायचं म्हणून तिनं नवा घागरा घातला, हातभर चुडा भरला, तुपाचं मडकं साऱ्या मोटारीत मांडीवर धरून बसली. दारात पाय ठेवला आन् तुझं टायगर तिच्या घागऱ्यावर धावून आलं. अरे, बंजाऱ्याच्या घरचं कुत्रं आन् घागऱ्यावर भुंकते! आपली कुत्री धोतरावर भुंकली, पँटीवर भुंकली, खाकीवर तर जीव तोडून भुंकली. घागऱ्यावर एक भुंकलं नाही. तुझ्या कुत्र्याचा काय दोष? त्यानं घागरा पाह्यलाच नव्हता. तू बायकोले, हंसाबाईले, तिथं आल्या आल्या लुगडं नेसवलं होतं.

कुत्रं बिथरलं तर माणूस कुत्र्याले बांधते. तू काय केलं? आत साहेब लोक चहा पिऊन राह्यले होते. तू टायगरले कडेवर घेतलं आन् आईले म्हणाला, "मागं जाऊन बस जराशी, हे कपडे पाहून बिथरते ते." कुत्रं आत, आई मागं, नहाणीच्या दगडावर. साहेब जाईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो. परत येताना मोटारीत याडी मले म्हणे, "त्याच्या घरी साहेब होते ना."

थू तुझ्या साहेबाईवर.

घरी आलो तवा गोठ्यात पिल्लं झालती. त्यातलं एक बाकीच्याईले ढकलून एकटंच दूध पिऊन राह्यलं होतं. तेच उचललं आन् नाव ठेवलं.

याडी माझ्याशी लय भांडली. "पोटच्या पोराचं नाव कुत्र्याले देते का रे?" म्हणे. माझ्या हातची भाकर घेईना. मीही हट्टाले पेटलो होतो.

हे पुढचं तुले लिहायचं नव्हतं. आता तिच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजेड-अंधार तेवढा कळते. दिवसभर खाटेवर बसून राह्यते. दिवेलागणीले हाक मारते, "शंकऱ्या, आव रे." तो जिथं असेल तिथून पळत येते आन् तिच्या पायाशी बसते. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती जेवते. त्याच्याबिगर घास घेत नाही. येडी झाली नाही ती. कुत्रं आहे हे तिले चांगलं माहीत आहे. पण त्या नावानं हाक मारली की कोणीतरी येते.

म्हणून नाव बदलणार नाही. पाव्हणे आणायचे तर आण, नाहीतर राहू दे.

हरिसिंग
(तुझा कोण लागतो, ते पाव्हण्याईले तूच सांग.)


मु. तांडा, पो. मुकुटबन
दि. ४ मार्च १९६२

शंकरसिंग,

पाव्हण्याईले तू बाभुळगावातूनच वाटे लावलं, असं ऐकलं. सोयरीक जमली तेही लोकाईकडूनच समजलं. पोर चांगल्या घरी पडो.

तुझी काळजी मिटली. शंकऱ्या मेला.

पंधरा दिवस झाले, सांजच्याले बिबट गोठ्यात शिरला. वासरू बांधलेलं होतं. आम्ही काठ्या, पलिते घेऊन धावलो तवर शंकऱ्या मधात उभा होता. वासरू वाचलं. याचं काही राह्यलं नव्हतं. पळसाखाली पुरला. तुझ्या नावाचं कोणी घरासाठी मेलं, हे सोयऱ्याईले सांगू नको, उगाच इज्जत जाईल.

याडीले मी सांगितलं. ऐकलं तिनं. तरी दिवेलागणी झाली की हाक मारते. मारते आन् कान देऊन बसते. मुकुटबनातून दुसरं पिल्लू आणलं, तेच नाव ठेवलं, तिच्या पायाशी सोडलं. तिनं हात लावला आन् ढकलून दिलं. "हा नाही," म्हणे. एक दिवस काही न बोलता मीच जाऊन बसलो. माझ्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हणे, "तू हरी. तू काय, इथंच असते."

मले राग येते शंकर. भाकर मी देतो, पाणी मी देतो, उचलून बाहेर मी नेतो, आन् हाक तुझ्या नावानं. माझ्या नावाचं तर कोणी कुत्रंही ठेवलं नाही.

आता घोटभर पेज तेवढी जाते तिले. वणीचा डॉक्टर येऊन पाहून गेला. म्हणे, दुखणं काही नाही, पोटात अन्न नाही. असंच चाललं तर लय दिवस निघणार नाही.

म्हणून लिहितो. जागा खाली झाली आहे. कचेरीत जागा खाली झाली की तू किती धावपळ करे, ते मी पाह्यलं आहे. इथं अर्ज लागत नाही, साहेबाची ओळख लागत नाही. हाक मारली की यायचं, एवढंच काम आहे. कुत्र्याले जमत होतं. तुले जमते का पाह्य.

मी वाट पाहून राह्यलो नाही. याडी पाहून राह्यली.

तुझा भाऊ,
हरिसिंग