झाकणावरच्या चिरा

ता. ४ डिसेंबर

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिलाय, मनातून नाही. काल तुझ्या नवऱ्याचा, आमच्या ढब्बूचा, फोन आला. म्हणाला, थंडी पडली म्हणून तू मटण-बटाट्याची पाई केलीस, बाबांनी तिच्या पिठाच्या झाकणावरच्या चिरा मोजल्या, एक कमी आहे म्हणाले आणि ताट सारून उठले. तेव्हापासून चहा-बिस्किटांवर आहेत. ऐकून माझं डोकंच फिरलं.

आई घरातल्या प्रत्येकासाठी एक चीर पाडायची. नुसती वाफ जायला एक भोकही पुरतं, मला नको शिकवूस, जन्म बेकरीत गेलाय माझा. ती जाऊन महिना नाही झाला आणि तू तिला झाकणावरून उडवलंस? हात कसा धजला तुझा? शिवाय रस्सा गार न करताच झाकण लावलं असशील, म्हणजे खालून पिठाचा गिच्च गोळा. बटाटेही उकडूनच घातले असशील, तुझी घाई मला ठाऊक आहे.

बाबांचं काही बरंवाईट झालं तर याद राख! पुन्हा कर, नीट कर, आईची चीर पाड आणि त्यांना चार घास खाऊ घाल. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, फोनवर रडू नकोस, घरात लक्ष घाल. पिंटीला पापा.

एरवी लोभ असतो, आज नाही.

तुझी नणंद


ता. ९ डिसेंबर

ती. ताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

दवाखान्यातली ड्यूटी संपवून आले आणि चपलाही न काढता तुमचं पत्र वाचलं. रस्सा खिडकीत ठेवून गार केला होता. बटाटे कच्चेच घातले होते. तुमच्या बेकरीत होणार नाही इतकी खुसखुशीत झाली होती.

आईंची चीर मी मधोमध, सगळ्यांत आधी पाडली. बाबांची पाडली, ह्यांची, पिंटीची, आणि तुम्ही थंडीत इकडे फिरकत नसलात तरी तुमचीही. कमी आहे ती माझी. ती कधी नव्हतीच. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, नवीन आहे मी, पुढच्या थंडीत येईल. मग पिंटी झाली. त्या थंडीत तिची चीर आली, माझी नाही. मटण मी कापायचे, पीठ मी मळायचे, सुरी तेवढी आई हातात घ्यायच्या. यंदा सुरी माझ्याकडे आली, तरी मी मुकाट्याने त्यांच्याइतक्याच पाडल्या. माझाच मला इतका राग आलाय की काय सांगू!

बाबांनी विचारलं, सूनबाई, तुझी कुठाय? म्हटलं, माझी नसते. ते झाकणाकडे बघतच राहिले. म्हणाले, इतकी वर्षं समोर बसून जेवलो आणि मला दिसलं नाही. मग उठले. हातापाया पडले तरी जेवत नाहीत, कुठल्या तोंडाने खाऊ म्हणतात. हे सगळं ह्यांच्यासमोर झालं. तुम्हाला मात्र अर्धंच सांगितलं.

लोभाचं काय ते तुम्हीच ठरवा.

तुमची भावजय


ता. १३ डिसेंबर

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ., या वेळी मनापासून.

तुझं पत्र वाचता वाचता पावांची अख्खी भट्टी करपवली. ढब्बूला फोनवर असा झापलाय की आठवडाभर तोंड वर करणार नाही. पण खरा राग आईचा आलाय गं, आणि ती भांडायलाही नाही. काय करू मी या रागाचं?

रविवारी येते. मटण, लोणी सगळं मीच आणते. तू नुसती बसून राहा, कशाला हात लावायचा नाही. तुझी चीर मी पाडणार, एवढी मोठी की बाबांना चष्म्याशिवाय दिसेल.

लोभ वाढव, हट्ट नको.

ताई


ता. १६ डिसेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

या. मटण कोवळं आणा, बाबांना चावलं पाहिजे. तुम्ही येताय म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळी सुरीला धार लावून आणली.

बाकी सगळं तुम्ही करा. माझी चीर मात्र मीच पाडीन.

तुमची वहिनी