कर्फ्यूच्या हूडीचं इन्स्पेक्शन

३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.
नवीन वही. वर्ष सुरू होऊन दोन दिवस झाले, पण ते मी ट्रायल रन धरतो.
संकल्प तीन. एक, साखर बंद. दोन, ऑफिसातल्या तुळशीदासशी वाद घालायचा नाही, तो चुकीचा असला तरी. म्हणजे कायमच. तीन, जुईलीला वाढदिवसाला असं काहीतरी द्यायचं जे ती वापरेल.
तिसऱ्याबद्दल थोडं. येत्या एकवीस फेब्रुवारीला लेकीला अठरा पूर्ण. ऑगस्टमध्ये ती पुण्याला कॉलेजला जाणार. मागच्या तीन वाढदिवसांना मी दिलं: सायंटिफिक कॅल्क्युलेटर, सायकलचं हेल्मेट, सामानाचं वजन करायचा काटा. तिन्ही उत्तम दर्जाचे. तिन्ही ड्रॉवरमध्ये, पॅकबंद. दर वेळी थँक्स बाबा म्हणाली आणि ड्रॉवर लावला. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, मी दिलेली वस्तू तिच्या अंगावर दिसली पाहिजे. एवढंच मागणं आहे.

५ जानेवारी, रविवार.
सुगावा लागला. जुईली मैत्रिणीशी, स्वराशी, फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हतो, दाराजवळ उभा होतो. ‘कर्फ्यू’ नावाची कंपनी आहे, तिची काळी हूडी हवी आहे. इथे कुवेतमध्ये तिच्या नकलाही फार फिरतात, असं स्वरा म्हणाली.
इथेच माझा उपयोग. एकोणीस वर्षं अहमदीच्या तेलक्षेत्रात वेल्डिंग इन्स्पेक्शन करतोय. ज्याने चोवीस इंची पाइपचा जोड बघून वेल्डरची तब्येत सांगितली, त्याला कापडाची शिवण काय फसवणार?
साखर: चहात अर्धा चमचा. थंडी आहे.

१० जानेवारी, शुक्रवार.
मॉलमध्ये शोरूमला गेलो. भिंग, टॉर्च आणि जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन. सेल्समन नम्र होता, सुरुवातीला.
हूडीची अवस्था बघून हबकलोच. टाके वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड. खालची कड तशीच सोडलेली, धागे लोंबतायत. असलं काम वेल्डरने केलं असतं तर त्याच दिवशी गेटच्या बाहेर. मी एकेक दोष वहीत लिहून घेतला, एकूण सतरा. सेल्समन म्हणाला, सर, धिस इज द डिझाइन, हाताने शिवतात, एकसारखे दोन पीस मिळणारच नाहीत. मी टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मला बाहेरचा रस्ता कुठे आहे ते फार आदराने सांगितलं.
किंमत एकशे चाळीस दिनार. निष्कर्ष: शोरूमलाच कोणीतरी नकली माल चिकटवलाय आणि त्यांना पत्ता नाही. बिचारे.

१७ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी.
इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू आणि तिळगूळ. तिळगूळ ही साखर नव्हे, संस्कृती. सहा वड्या.
तुळशीदासच्या मुलाच्या अंगावर कर्फ्यूची हूडी! मी सगळ्यांसमोर व्हिज्युअल इन्स्पेक्शन केलं. तेच वेडेवाकडे टाके. म्हटलं, तुळशीदास, तुला गंडवलंय. तो म्हणाला, शोरूममधून घेतलीये, बिल आहे. मी म्हटलं, बिल खरं असेल रे, माल खोटा आहे. तो ताडकन उठून गेला, तिळगूळ न घेताच. दुसरा संकल्प मी मोडलेला नाही. वाद त्याने घातला, मी फक्त निर्णय दिला.
नंतर तीन जणांनी मला आपापल्या मुलांच्या हूड्या दाखवल्या. दोन पास, एक नापास. पास झालेल्यांच्या आयांनी मला जास्तीची वडी दिली.

२४ जानेवारी, शुक्रवार.
फरवानियाच्या बाजारात गेलो. मंडळात कोणीतरी नौमानचं दुकान सांगितलं होतं. मुरुडचा माणूस, मराठी ऐकून खूश. चहा मागवला (साखरेचा, पण पाहुणचार).
कर्फ्यूची काळी हूडी मागितली, त्याने काढली. आणि काय सांगू! दर इंचाला बारा टाके, एकही चुकलेला नाही. कड कशी, रूळ ओढल्यासारखी. डोळे निवले.
नौमान म्हणाला, साहेब, खोटं कशाला बोलू, ही कॉपी आहे. मी हसलो. तो म्हणाला, फर्स्ट कॉपीसुद्धा नाही साहेब, सेकंड आहे. मी म्हटलं, नौमानभाई, तुमच्या हातात काय आलंय ते तुम्हाला माहीत नाही. त्याने आईची शपथ घेतली. माणूस सज्जन, पण मालाचं ज्ञान शून्य.
साइझ विचारली. मी हात छातीपाशी धरून दाखवला, एवढी आहे. त्याने तशी काढून दिली. पैसे घेताना परत म्हणाला, मी सांगितलंय हां, उद्या येऊन बोलायचं नाही. सात दिनार!
एकशे चाळीसची वस्तू सातला. घरी येताना गाडीत मोठ्याने गायलो.

२५ जानेवारी, शनिवार.
बर्न टेस्ट. आतला एक सुटा धागा काढून काडीने पेटवला. वितळून काळी गोळी झाली, प्लास्टिकचा वास. म्हणजे साधं सुती कापड नाही, काहीतरी पुढचं तंत्रज्ञान. पास. स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट टाइप करून लॅमिनेट केलं. हूडीबरोबर देणार.
बायको, सुमन, घरी नव्हती. हल्ली जाब्रियाच्या क्लिनिकमध्ये, लॅबमध्ये, शनिवारचीही ड्यूटी करते. विचारलं तर म्हणते, सहज. बायकांना घरी करमत नाही की काय.

८ फेब्रुवारी, शनिवार.
तुळशीदास अजून बोलत नाही. ऑफिसात शांतता आहे. माझी कामं पटापट होतात.
जुईलीला सहज म्हटलं, तुला कपड्यांमध्ये काय आवडतं. एनीथिंग इज फाइन बाबा, म्हणाली. मोबाइलवरची नजरही हलली नाही. थांब म्हणावं एकवीसपर्यंत.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.
लगेच लिहिलं पाहिजे.
इस्त्रीचे शर्ट ठेवायला कपाट उघडलं. सुमनच्या साड्यांच्या मागे पिशवी. आत कर्फ्यूची काळी हूडी. बिल नाही. टाके वेडेवाकडे, कड तशीच सोडलेली, धागे लोंबतायत.
अरे देवा. सुमनलाही फसवलं! मला विचारायचं तरी. घरात तज्ज्ञ बसलाय, आणि ही बाहेर जाऊन स्वतःला लुबाडून घेते.
बर्न टेस्ट केली. धागा भुर्रकन जळला, कागदासारखा वास, मऊ करडी राख. साधा कापूस. नापास.
आता प्रश्न कार्यपद्धतीचा. आमच्याकडे नियम पक्का आहे: रिजेक्ट झालेला माल सापडल्या जागी, त्याच क्षणी, ठळक मार्क करायचा, नाहीतर तो चांगल्या मालात मिसळतो. मग मोठमोठे अपघात होतात. गाडीतून साइटचा पिवळा पेंट मार्कर काढला. बॉनेटवर हूडी पसरली आणि छातीवर, दोन वीत रुंद, इंग्रजीत रिजेक्ट लिहिलं. खाली तारीख आणि सही. वाऱ्याने कापड हलत होतं, पण सही ती सहीच.
हूडी गाडीच्या डिकीत, क्वारंटाइनमध्ये. सुमनला आत्ता सांगणार नाही. वाढदिवसाच्या दिवशी तिची लाज राखून, हळुवारपणे सांगेन. नवरा म्हणून एवढं तरी केलंच पाहिजे.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
सुमन कपाट उचकतेय. तीनदा. काय शोधतेस विचारलं तर काही नाही म्हणाली. बिचारीला शोधू दे. सत्य पचायला वेळ लागतो.
साखर: हिशेब ठेवणं बंद. त्यानेच ताण येतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी १०.
आज. सर्टिफिकेट वर, हूडी खाली, चंदेरी कागद. शिऱ्याचा वास सुटलाय. तिच्या चेहऱ्याकडे बघायला मी खुर्ची मुद्दाम समोर ठेवलीये.

त्याच दिवशी. दुपारी ३.
क्रमाने लिहितो.
जुईलीने कागद फाडला. कर्फ्यू, असं हळूच म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच सगळं भरून पावलो. मग तिने ती अंगात घातली. बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या. हूडी बेंबीच्या वर. तिने मागचा टॅग बघितला आणि म्हणाली, बाबा, धिस इज फॉर अ ट्वेल्व्ह इयर ओल्ड.
मी म्हटलं, आकसली असेल. सुमन म्हणाली, धुतलीये कुठे अजून.
जुईली माझ्याजवळ येऊन उभी राहिली, दाखवायला. तिचं डोकं माझ्या कानापर्यंत आलं. कानापर्यंत! हे कधी झालं? टाके मोजले, धागा जाळला, व्हर्नियरने कड मोजली, आणि पोरीची उंची? मी सहा वर्षांपूर्वीच्या मुलीसाठी हूडी घेऊन आलो होतो. शिरा गिळला आणि विषय बदलला.
विषय बदलायला म्हणून सुमनची गोष्ट काढली. तिची हूडी कशी नकली होती, मी वेळेत कशी पकडली. सुमन ताडकन उभी राहिली. डिकीतून आणून दाखवली. 
मग सुमन बोलली. सहा शनिवार. सहा शनिवार जास्तीच्या ड्यूट्या केल्या, शोरूममधून घेतली, आणि वर चिठ्ठी लिहिणार होते, आई-बाबांकडून. तुमचंही नाव घालणार होते अहो, कारण तुम्ही काय आणाल ते मला ठाऊक होतं! मी रिजेक्टच्या कार्यपद्धतीबद्दल सांगायला लागलो. ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येतोय, अजूनही.
मी चुकलो. वहीत लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. सुमनच्या सहा शनिवारांवर मी पिवळा रंग फासला.
जुईलीचं राहिलं. रिजेक्ट केलेली हूडी घेऊन खोलीत गेली, दार लावलं. आतून आवाज येत होता. रडत असावी. मी दार ठोठावलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.
रडत नव्हती. हसत होती. आज, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ती हूडी घालून शाळेत गेली! युनिफॉर्मवर, छातीवर पिवळं रिजेक्ट, माझी सही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, बेटा, मला खूश करायला घालू नकोस. ती म्हणाली, बाबा, इट्स द कूलेस्ट थिंग आय ओन.
अर्थ लागला. मार्किंगमध्ये एक दर्जा असतो, तरुण पिढीला तो कळतो. मी दिलेली वस्तू तिच्या अंगावर आहे, असं म्हणता येईल. कापड सुमनचं, पण काम माझं.
सुमनला हे सांगितलं. तिने नुसतं बघितलं. संध्याकाळी मी न सांगता धिरडी केली. तिने दोन खाल्ली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.
कुवेतच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी चालू आहे. स्वरा आणि आणखी दोघी घरी आल्या. जुईली धरून चौघींच्या अंगावर काळी हूडी, चौघींच्या छातीवर पिवळं रिजेक्ट, तारीख, माझी सही!
काल सुमनच त्यांना फरवानियाला घेऊन गेली होती. नौमानने त्यांनाही सांगितलं, ही कॉपी आहे, आणि त्यांनी आनंदाने घेतली. मार्किंग जुईलीने केलं. माझ्या सहीसकट.
चौघी ओळीत उभ्या राहिल्या. जुईली म्हणाली, बाबा, यातली एकच तुमच्या हातची. आम्ही आपसात बदलल्या असतील किंवा नसतील. ओळखा.
आव्हान घेतलं. भिंग आणलं, टॉर्च आणली. हूडीचं सोडा, सही तर माझी आहे. वीस मिनिटं. मार्करचा दाब, अक्षराचा कल, शेवटचा फराटा. स्वराच्या अंगावरची सही ठाम, सुबक, कुठे हात हललेला नाही. जुईलीच्या अंगावरची डगमगती, तारखेतला पाच ओघळलेला. शिवाय जुईली स्वतःचीच घालून उभी राहील, इतकी सोपी परीक्षा ती घेणार नाही. पोरगी कोणाची आहे!
निर्णय जाहीर केला. स्वराची अस्सल. जुईलीची नकली, आणि फार वाईट नकली, कुठलाही जबाबदार इंजिनियर अशी सही करणार नाही. नियमाप्रमाणे मार्क करावी लागेल.
मग स्वयंपाकघरातून सुमन हसली. आठवड्यात पहिल्यांदा. ओट्याला धरून, पदर तोंडाला लावून हसली, मग सगळ्याच.
मी मार्करचं टोपण काढलं होतं. जुईलीने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले आणि मागे सरकली. म्हणाली, नाही हां बाबा, ही तुम्ही एकदा केलीये. आता हात नाही लावायचा.
तिने मार्कर मागितला, मी दिला. भिंगही दिलं.