फुस्तुकचा गुडघा आणि आमचा जिना

प्रिय वदादताई,

तुझा हात कपाळाला लावून सुरुवात करतो. झाहलेच्या थंडीत तुझे सांधे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? वेलींची छाटणी झाली का? इकडे बैरूतमध्ये सगळं खुशाल, म्हणजे वीज नाही, लिफ्ट बंद आणि फुस्तुक लंगडतोय. (हो, तोच. तुझ्या भावजयीचा, सामियाचा पॉमेरेनियन, ज्याला तू केसाळ कांदा म्हणायचीस.)

झालं असं, की चालता चालता हा मागचा पाय अचानक वर उचलायचा, तीन पायांवर उड्या मारायचा आणि पुन्हा काही झालंच नाही असा चालायला लागायचा. मला वाटलं, नाटकं करतोय. (सामिया गेल्यापासून घरात नाटकं करायला दुसरं आहे कोण?) शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने, उम् तौफीकने सुचवलेल्या डॉक्टरकडे नेला. भिंतभर प्रशस्तिपत्रं, कॉफी उत्तम. त्या गृहस्थाने पायाला बोटही न लावता उद्याच ऑपरेशन करू म्हणून सांगून टाकलं. अगं, आपण कलिंगडसुद्धा थापटून घेतो! मी कॉफी संपवली आणि निघालो.

दुसऱ्या दवाखान्यात वेगळीच तऱ्हा. टेबलामागची बाई सारखी "अबू फुस्तुक, अबू फुस्तुक" म्हणून पुकारत होती. आयुष्यभर चारचौघांत अबू नदीम म्हणून मिरवलेला मी. पोरगा मॉन्ट्रियलला जाऊन बसला म्हणून काय मला कुत्र्याचा बाप करायचं? मुद्दाम बसून राहिलो. नंबर गेला. माझ्यामागून आलेलं मांजर आत जाऊन बाहेरही आलं. मग बसल्या बसल्या लक्षात आलं, की नदीमचा बाप म्हणून मला शेवटची हाक कुणी मारली, तेच आठवत नाही. पुढच्या हाकेला उठलो. वाईट वाटलं, ताई, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

डॉक्टर रीमा म्हणजे पोरगीच, पण खरी. सरळ फरशीवर बसली, त्याला चालवून पाहिलं, मग माझा अंगठा त्याच्या गुडघ्यावर ठेवून वाटी कशी सरकते ते दाखवलं. म्हणाली, आपली आपण जागेवर येतेय, तूर्त कापाकापी नको. वजन उतरवा, सोफ्यावरून उड्या बंद, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या घाला. पाय टेकेनासा झाला तर मात्र लगेच आणा. एवढा जाड कसा झाला, हेही विचारलं. मी उम् तौफीकचं नाव सांगितलं. (साफ खोटं. माझ्या हातून अजून दोघांचाच स्वयंपाक होतो.)

"घरी आणखी कोण असतं?" तिने विचारलं. मी फुस्तुककडे बोट दाखवलं. निघताना मी दाराशी उगाच बराच वेळ पट्टा नीट करत राहिलो.

भावोजींना सलाम सांग. प्रकृतीला जप.

तुझा,
फायेझ

ता. क. तुमचं घर बैठं, अंगणातली माती मऊ. डॉक्टरने जिने सक्त बंद केलेत, आणि आमची लिफ्ट तू जाणतेसच. उन्हाळ्यापर्यंत फुस्तुकला ठेवून घेशील का? परक्या घरी तो एकटा राहत नाही, तेव्हा मलाही यावं लागेल. नाइलाज आहे.

आणखी एक ता. क. डॉक्टर जिन्याबद्दल काही म्हणालेली नाही. त्याला तर मी कडेवरच नेतो. पायही आता बराच ठीक आहे. ताई, मला बोलव.