कौसल्याचा कान आणि तीन स्पीकरचं खोकं

२ मार्च
दूध संकलन बंद, बारावा दिवस. निम्मी जनावरं छावणीत, दूध कुठून येणार? सोसायटीत फॅट मोजायला मी आहे, मोजायला फॅट नाही. चेअरमन म्हणाले, "आपला जुना ॲम्प्लिफायर घरी न्या भाऊ, हितं धूळच खातोय." आणला. आता मनातलं जुनं काम काढायचं. एका खोक्यात तीन स्पीकर: मोठा, मधला, आणि बारीक आवाजाचा ट्विटर.

५ मार्च
खरं काम क्रॉसओव्हरचं. कोणता आवाज कोणत्या स्पीकरला जायचा ते तो ठरवतो. बायकोला समजावून सांगितलं. कौसल्या गिरणीतून नुकतीच आलेली, भुवयांवर पीठ. म्हणाली, "म्हंजी चाळणीच की. कोंडा हिकडं, पीठ तिकडं."
दोन पुस्तकं वाचून मला एवढं सरळ सांगता आलं नसतं. बाई हुशार आहे, फक्त तिला सांगायचं नाही.

९ मार्च
पाइपाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळून कॉइल केली. एकशे चाळीस वेढे. कंडेन्सर बीडहून आणले. परीक्षक कौ. गिरणीचं बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी हिला आवाजावरून कळायचं. मीटर खोटं बोलेल, ही नाही.
लावणीची कॅसेट लावली. म्हणाली, "समदं हाय, पर वरचं बारीक न्हाई. घुंगरं कुठं हायत?"
मला ऐकू येत होती. पण मला काय कळतं.

११ मार्च
कॉइल उकलली, वीस वेढे कमी. बारीक आवाज वाढावा म्हणून ट्विटरचा रेझिस्टन्स निम्म्यावर. कौ.: "अजून न्हाई."

१४ मार्च
आज टँकर आला. मी सोसायटीत हजेरी लावायला गेलेलो, कौ. घरातच. ड्रायव्हरने नेहमीसारखी शिट्टी मारली, सगळी गल्ली पळाली, आमचे हंडे तेवढे रिकामे. बोललो तिला. जास्तच बोललो.
"ध्यान नव्हतं," एवढंच म्हणाली. शेजारच्या शांताकाकूंनी दोन घागरी दिल्या.

१७ मार्च
रेझिस्टन्स काढूनच टाकला. ट्विटर असा किंचाळतो की शांताकाकू दार लावून बसल्या. माझेही कान बधिर.
"आता?"
"बगा अजून थोडं."
कॉइल चौथ्यांदा. बोटाला फोड. तिच्या कानावर शंका घ्यायचं एकदाही मनात आलं नाही, हे आत्ता लिहून ठेवतो.

१९ मार्च
झालं! ऐकता ऐकता चेहरा उजळला तिचा. "आता समदं येतंय. घुंगरं बी." इतका खूश झालो की तिला चहा करून दिला. सव्वीस वर्षांच्या संसारात तिसऱ्यांदा असेल.
मग मागचं झाकण लावायला खोकं फिरवलं. ट्विटरची तार लोंबत होती. सकाळच्या घाईत सोल्डरचा डाग द्यायचा राहिलेला. म्हणजे ट्विटर वाजतच नव्हता.
झाकण लावलं. टँकरच्या दिवशी आपण काय काय बोललो ते...

२० मार्च
राहवलं नाही. गिरणीत गेलो. मोटार बंद होती. तिच्या पाठीमागे उभं राहून मनगटी घड्याळाचा गजर वाजवला. वळली नाही. खांद्यावर हात ठेवला तशी दचकली.
विचारलं तेव्हा म्हणाली, "दोन सालं झाली. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बगून कळतं. पैल्यांदा मला बी वाटलं, खोक्याचाच दोष हाय."
"मग काल घुंगरं येतायत असं का म्हणालीस?"
"आवो, तुमी चार डाव तार गुंडाळली. बोटाला फोड आला. किती डाव न्हाई म्हनू?"
रडू आलं. मला. ती मोटारीवरचं पीठ पुसत राहिली.

२२ मार्च
डॉक्टरचं नाव काढलं की हिला कामं आठवतात. शेवटी बोलली, "गिरनी बंद कर म्हनला तर?"
वीस वर्षं तिनंच चालवली. या दुष्काळातही दोन-तीन घरचं दळण येतंच. गावात तिची ओळख गिरणीवाली, आणि माझी गिरणीवालीचा नवरा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.
क्रॉसओव्हर पुन्हा उकलला. तिला जेवढं ऐकू येतं तेवढ्यात गाणं बसवून बघतो. भार मधल्या स्पीकरवर. शांताकाकूंचं दार उघडलं.

२७ मार्च
मिनतवाऱ्या करून बीडला नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बोट वर करायचं. हिचं बोट भराभर वर. तपासणाऱ्या बाई हसल्या, आणि हिची खुर्ची भिंतीकडे फिरवली. ही त्यांचा हात बघून बोट उचलत होती. मग बराच वेळ बोट मांडीवर तसंच. मला बाहेर उभं राहवेना.
डॉक्टर खाली मान घालून लिहीत लिहीत बोलले, तिला काही कळलं नाही. गिरणीच्या आवाजानं गेलेलं परत येत नाही. कानाला यंत्र लावता येईल. उरलेलं टिकवायचं तर गिरणी आजपासून बंद.
एस्टीत विचारलं, "गिरनीचं काय म्हनला?"
"बघू म्हणाला," मी म्हणालो.
मांजरसुंबा येईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग खिडकीकडे वळून म्हणाली, "उद्या तीन घरचं दळन हाय. सकाळी पट्टा तेवढा घट्ट करून द्या."
हो म्हणालो.